शेंदूर लागलेली हद्द

राज्याची हद्द ही पवित्र गोष्ट असते. १९८६ साली आमच्या वाकडपाड्यात ती इतकी पवित्र झाली, की तिला शेंदूर लागला.

पिंपळनेरच्या पश्चिमेला, बस जिथून कंटाळून परत फिरते, त्याच्या पुढे आमचे गाव. भूगोल सोपा: पूर्वेला महाराष्ट्र, पश्चिमेला गुजरात, उरलेल्या दोन्ही बाजूंना एकच डोंगर. इतिहासही थोडका. पूर्वी राज्य एक होते, तेव्हा एकही साहेब यायचा नाही. पुढे राज्ये दोन झाली आणि दोन्हीकडचे साहेब येईनासे झाले. (यालाच प्रगती म्हणतात.)

गावाच्या पश्चिम टोकाला मोजणीवाल्यांनी हद्दीचा दगड रोवला आणि नारळ फोडला. काळा दगड, पुढ्यात नारळ. बायकांनी शेंदूर लावला, त्यात त्यांचे काय चुकले?

त्या उन्हाळ्यात नाला आटला. दरीतून हंडा आणताना माझी जाऊ मंजुळा घसरली आणि तिचा हात मोडला. उरलेल्या हाताने ती पाणी आणतच राहिली. तेवढ्यात हातपंप मंजूर झाला. बोअरची गाडी आली. पाणाड्याने दाखवलेली जागा नेमकी दगडापलीकडे, गुजरातेत निघाली.

"इथं मला सुईसुद्धा टोचता येणार नाही," ओव्हरसीअर पितांबरसाहेब म्हणाले. गुजरातच्या साहेबांकडे माणूस पाठवला. वाकडपाडे महाराष्ट्रात असल्याबद्दल त्यांनी आमचे अभिनंदन केले.

गाडी परत वळू लागली, तशी मंजुळा आडवी उभी राहिली.

"साहेब, देव मना सपनमा उना. म्हणे, माले पलीकडे बसाड."

"बाई, हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे!"

"दगडले कोन हात लावस? देव निंघना ते त्याले तुम्ही आडावशात का, भाऊ?"

साहेबांनी नियम आठवून पाहिले. दगड हलवायला बंदी होती, देवाच्या स्थलांतराला नव्हती. वाजतगाजत महाराष्ट्र चार हात पुढे सरकला. (एका बाजूने देवाला स्वतः साहेबांनी धरले होते, अनवाणी.) पंपाला पाणी लागले.

पुढे गुजरातच्या विजेचे खांब हद्दीपर्यंत आले आणि सरपंच उखर्डूआबांनाही स्वप्ने पडू लागली. देवाला म्हणे आता गावाच्या पूर्वेला राहायचे होते. मंजुळाने दगडाला लागूनच खाट टाकली.

"देव आते झोपेल शे, आबा. उठाडू नका."

उखर्डूआबा कंदिलाच्या उजेडातच वारले. पितांबरसाहेबांना बढती मिळाली, ते अजून देवाला नारळ पाठवतात. मंजुळा अठ्ठ्याण्णव साली गेली. शेवटचा घोट त्याच पंपाचा.

आणि तुम्ही? तुम्ही शाळेत महाराष्ट्राचा नकाशा काढलात. पश्चिमेची रेघ चार हात चुकली होती. तरी तुम्हाला पैकीच्या पैकी मिळाले.