पायांनी घेतलेली गोळी

गोळी कडू होती, म्हणून मी ती पायांनी घ्यायची ठरवली. एवढंच काय ते माझं पाप!

हसू नका. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, "आजोबा, बीपी एकशे ऐंशी आहे. रोज सकाळी गोळी गिळायची. जोडीला पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय सोडून निवांत बसा. पण जोडीला हं, गोळीऐवजी नाही."

आता मी पडलो रंगारी (शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने). चाळीस वर्षं पाहतोय, गरम पाण्यात रंग टाकला की कापड तो आपोआप पितं. मग माझे पाय काय कापडापेक्षा अडाणी? बायकोची पाठ वळली की गोळी टबात!

आठवडाभर छान चाललं. डोकं गरगरायचं, पण म्हटलं, औषध खालून वर चढतंय, वेळ लागणारच.

आठव्या दिवशी बायको बाजारात गेली. मी न्हाणीघराचं दार लावून बसलो. पाणी वाफा निघेपर्यंत तापवलेलं (रंगाऱ्याची खोड). समोर सासूबाईंचा आरसा. त्या जाऊन तीन वर्षं झाली, आरसा राहिला. त्यावर वाफ धरली आणि कुणी सावकाश बोट फिरवावं तशी अक्षरं उमटली :

जावईबापू, गोळी गिळा.

मला जावईबापू म्हणणारं माणूस जगात एकच होतं. आणि ते आता जगात नव्हतं.

नळ बंद, तरी कुठेतरी टप्, टप्. मानेवर गार काहीतरी टेकलं. जन्मभर दुसऱ्यांना भुतं दाखवणारा मी, मागे वळायची छाती होईना. "गिळतो, आई, गिळतो!" ओरडत मी टबातलंच पाणी ओंजळीने ढोसायला लागलो.

दार उघडलं. "अहो! पायाचं पाणी पिताय?" पिशवी हातात घेऊन बायको उभी.

मी सगळं कबूल केलं. तिने पिशवी खाली ठेवली. "टबाच्या तळाशी रोज पांढरा गाळ दिसायचा. सांगून तुम्ही ऐकलं असतंत? म्हणून साबणाने लिहून ठेवलं. लग्नानंतर तुम्हीच आईला असं घाबरवलं होतंत." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काही झालं असतं तर मी कुणाकडे पाहायचं?"

मी मान खाली घातली. "चुकलो. पण ती खालची ओळ तरी पूस."

"कुठली खालची? मी एकच ओळ लिहिली."

दोघांनी वर पाहिलं. वाफ दाटली होती.

जीभ दाखवा.

बायको पांढरीफटक. (ती थट्टा करत नाही. ते खातं माझ्याकडे.) त्या दिवसापासून मी आरशासमोर गोळी गिळतो आणि जीभ बाहेर काढून दाखवतो. मगच कोमट पाण्यात पाय.

महिन्याभराने डॉक्टर खूश. "एकशे तीस! काय केलंत?"

बायको म्हणाली, "गोळी, पाणी, आणि यांच्या सासूबाई राहायला आल्यात."

"मग त्यांना इतक्यात जाऊ देऊ नका. काय आजोबा?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने त्यांना जीभ दाखवली.