दारापलीकडची गोळी

कलाकृतीची थोरवी काळ ठरवतो, असे विद्वान म्हणतात. ते अपुरे आहे. ती दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर ठरते. सुजलेला गाल धरून बसलेल्या माणसाला जी स्वतःची दाढ विसरायला लावते, ती कलाकृती अजरामर. बाकीच्या नुसत्याच जुन्या.

डॉक्टर रोज सकाळी अवजारे उकळत ठेवत, कोपरापर्यंत हात धूत आणि खुर्चीवरचा दिवा एकदा लावून विझवत. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत त्यांच्या पत्नी टेबल पुसून टीव्ही सुरू करत, आणि धूळ उडवत एक घोडेस्वार वाळवंटातल्या गावात शिरे. इतक्या वर्षांत तो एकदाही उशिरा आलेला नव्हता. (रुग्णांविषयी तसे म्हणता येत नाही.)

ही निवड अभ्यासपूर्वक झाली होती. आरंभी समुद्रातल्या माशांचा माहितीपट लावून पाहिला. पण सतत आ वासणारे मासे पाहून रुग्णांना आपले भवितव्य दिसू लागे. मग मंद बासरी लावली, तर आतले ड्रिल अधिकच स्पष्ट ऐकू येई. काउबॉयच्या या चित्रपटात मात्र नायक स्वतःच्या खांद्यात रुतलेली गोळी चाकूने उकरून काढतो, तीही हूं की चूं न करता. ते पाहिल्यावर लोक भूल मागायलाही लाजत. दहातले आठ रुग्ण दुखणे थांबल्यावरही येत राहिले. उरलेल्या दोघांना मुळात दुखणेच नव्हते.

वंचित होते ते एकटे डॉक्टर. शेवटचे द्वंद्व लागे तेव्हा त्यांचे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात असत. दारापलीकडून वारा घोंघावे, बूट वाजत, एक गोळी सुटे आणि बाकावरून मोठा सुस्कारा येई. पडला तो नायक की खलनायक, हे सुस्काऱ्यावरून कळत नसे. खुर्चीतल्या रुग्णाला विचारावे, तर त्याचे ओठ बधिर. बाकावरच्यांना विचारणे पदाला शोभत नव्हते. त्यांच्यासमोर डॉक्टर आजवर "शेवट अप्रतिमच" म्हणत आले होते. पत्नीला विचारून झाले होते.

"अहो, मी नंबर पुकारू की मेलेली माणसं मोजू? त्या वेळी फोनवर असते मी."

"मग घरी लावून बघू एकदा."

"दिवसभर ऐकतेच आहे. घरात एक गोळी जरी सुटली, तरी मी माहेरी जाईन!"

अशात जावईबापूंनी दवाखान्यासाठी नवा मोठा पडदा घेतला. त्यावर दात घासण्याची योग्य पद्धत दिवसभर दिसणार होती. "उद्या माणूस येतोय जुना टीव्ही न्यायला," पत्नीने सांगितले. म्हणजे घोडेस्वाराचा आज अखेरचा दिवस.

त्या दिवशी खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश होते. बाहेर वारा घोंघावू लागला. डॉक्टरांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"भूल जरा नीट चढू द्या," ते म्हणाले आणि दार उघडून बाहेर आले. न्यायाधीशही गळ्यातल्या रुमालासकट मागोमाग आले.

बाकावरच्या शिंपीणबाई गाल धरूनच सरकल्या. "या डॉक्टर, बसा. तुमचं कुठं दुखतंय?"

"श्श! गप्प बसा हो," डॉक्टर म्हणाले.

गोळी सुटली. डॉक्टरांचा सुस्कारा इतरांच्या सुस्काऱ्यात बेमालूम मिसळला. मग त्यांनी शेजारी पाहिले. शिंपीणबाईंचा हात गालावरून केव्हाच खाली आला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पत्नीने फोनवर हात ठेवून हळूच विचारले, "कोण हो पडलं?"

"कामात आहे," डॉक्टर म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी न्यायाधीशांची दाढ एका हिसक्यात काढली.

दुपारी त्यांनी जावईबापूंना फोन केला. पडदा इतका देखणा आहे की तो दवाखान्यात वाया जाईल, तुमच्याच दिवाणखान्यात शोभेल. नातवंडांचे दात तसेही किडू लागले आहेत. टीव्ही न्यायला येणाऱ्या माणसालाही येऊ नका म्हणून कळवले. दुसऱ्या दिवशी घोडेस्वार वेळेवर गावात शिरला.

अखेर कोण पडले, ते इथे सांगणे व्यवसायाच्या हिताचे नाही. ज्यांना त्यावाचून चैन पडणार नाही, त्यांनी अवश्य यावे. गेले सहा महिने तुम्ही ज्या बाजूने चावायचे टाळत आहात, त्या बाजूची दाढ मात्र बरोबर आणावी.