सुभद्रामावशींचा कोरा हात

सगळ्यात आधी नाव घेते ते सुभद्रामावशींचं. काय झालं ते नंतर सांगते. त्या नसत्या तर माझ्या आईचा चेहरा मला पुन्हा दिसला नसता. मी सहावीतून शाळा सोडली आहे आणि पत्रापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे पेन धरलं तरी छातीत धडधडतं. कुठं काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

मावशी पैसे घेत नसत. म्हणजे वाशीमच्या दवाखान्यात त्या आया होत्या, तिथला पगार घेत. पण हातात त्यांची ती लोखंडी काठी असताना कुणी नोट पुढे केली, की विंचू दिसावा तशा मागे सरायच्या. एकदा वानरानं एका बाजारकऱ्याची पिशवी पळवून आमच्या गल्लीतल्या चिंचेवर नेली. माणूस खालून टाळ्या वाजवतोय, वानर वर बसून वांगी हुंगतंय. मावशी घरातून काठी घेऊन आल्या, पायाशी चिंध्यांचा चेंडू ठेवला, एकदा चिंचेकडे पाहिलं आणि काठी फिरवली. चेंडू वानराच्या अगदी कानाजवळून गेला. पिशवी खाली, वानर पलीकडच्या कौलांवर.

त्या माणसानं खूश होऊन रुपया काढला.

"ठेव थो," मावशी म्हणाल्या. "माह्यं नाव कटते."

"कुठलं नाव, बाई?"

"हौशीतलं."

त्याला काहीच कळलं नाही. शेवटी त्यानं दोन वांगी पुढे केली. ती मावशींनी घेतली. "वांगे चालते. नोट नाई चालत."

मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी देवगडकडची. ह्यांना वाशीमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरची नोकरी लागली म्हणून बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही इकडे आलो. समुद्र नाही, माड नाही, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि बायका 'काहून वं' म्हणून विचारतात तेव्हा रागावल्या की काय असं वाटतं. पहिले सहा महिने मी दाराआड उभी राहून रडायचे. मावशी भिंतीपलीकडे राहायच्या. एक दिवस सरळ आत आल्या, माझ्या हातात ती काठी दिली आणि म्हणाल्या, "रडून राह्यली त रड, पन उभ्यानं रड. पाय जरा फाकव."

असा माझा गोल्फ सुरू झाला.

मावशींचे यजमान कामठीला, लष्करातल्या साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर माळी होते. मावशी चेंडू गोळा करायच्या. तिथल्या एका मेजरसाहेबांची बायको फार चांगली खेळायची. मावशी तिला मेजरीणबाई म्हणत. तिनं मावशींना काठी धरायला शिकवली आणि एका स्पर्धेचं वेड लावून दिलं. ही स्पर्धा दोन वर्षांनी एकदा भरते, दर वेळी वेगळ्या देशात. देशोदेशीच्या बायकांचे संघ येतात. एका संघात तिघी. चार दिवस खेळायचं. काठीचे जितके कमी फटके, तितकं चांगलं. रोज तिघींपैकी ज्या दोघींचे फटके कमी, त्यांचेच धरतात, तिसरीचे सोडून देतात. आणि यातलं कुणीही पैशासाठी खेळत नाही. खेळाचे पैसे घेतले, की हौशी राहत नाही आणि नाव कटतं.

मेजरीणबाई एकदा या स्पर्धेला आपल्या देशाच्या संघातून गेली होती. तिसरी म्हणून. निघताना मावशींच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तुझा हात सरळ आहे, सुभद्रा. कधी एखादी कमी पडली तर तुलाच बोलावते."

पुढे मेजरसाहेबांची बदली झाली, यजमान वारले, मावशी आपल्या मुलखात, वाशीमला परत आल्या. सोबत एक काठी आणि एक खरा पांढरा चेंडू. आणि ते बोलावणं.

जिनिंगच्या मागचं पटांगण, दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या यायला लागेपर्यंत आणि पुढे हंगाम संपल्यावर, रिकामंच असायचं. तिथं मावशींनी तुपाचा रिकामा डबा जमिनीत पुरला होता. त्यात चेंडू गेला की झालं. आमचा संघ तिघींचा. मावशी, किराणावाल्या जैनांच्या सूनबाई पुष्पाबाई, आणि मी. पुष्पाबाईंचा नेम माझ्यापेक्षा चांगला, पण काठी उगारायच्या आधी त्या वाकून चेंडूभोवतीची जमीन निरखायच्या.

"मुंग्या आहेत. थांबा जरा."

"थांबा वं, थांबा," मावशी मला म्हणायच्या. "मुंग्यायची वरात जाऊन राह्यली."

वरात जाईपर्यंत आम्ही दोघी उन्हात. माझे फटके सगळ्यात जास्त, म्हणून मी कायमची तिसरी. एकदा मी म्हटलं, "मावशी, माझे धरतच नाहीत तर मी खेळते कशाला?"

"तिघी नसल्या त मैदानातच घेत नाईत," त्या म्हणाल्या. "तुह्ये धरत नाई, तुले धरते."

मावशींचा आणखी एक छंद म्हणजे स्वतःला दंड करणं. या खेळात म्हणे पंच पाठीमागे फिरत नाही, चूक आपली आपण सांगायची. मावशींचा पाय लागून चेंडू तीळभर हलला, कुणी पाहिलं नाही, तरी त्या ओरडणार, "एक चढवा माह्यावर." म्हणजे दंडाचा एक फटका वाढवा. हे त्यांनी संसारभर पसरवलं होतं. नळावर चुकून कुणाच्या आधी घागर लावली, "एक चढवा," आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या. दवाखान्यात डॉक्टरांच्या अंगावर चहा सांडला. डॉक्टर काही बोलायच्या आत, "एक चढवा, साहेब." डॉक्टर बिचारे कशावर काय चढवायचं ते विचारत राहिले.

स्पर्धा भरायच्या सुमारास त्या रोज आमच्या रेडिओजवळ येऊन बसायच्या. बातम्या संपल्या तरी उठायच्या नाहीत.

"हाकी सांगते, किरकेट सांगते, कापसाचा भाव सांगते. बायायचं कायले सांगत नाई?"

ह्यांनी एकदा मस्करी केली, "मावशी, यंदा तुमचं नाव सांगतील."

मावशी हसल्या नाहीत. पदर सारखा करून घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं. मी मागोमाग गेले तर त्या काठीला गोडेतेल लावत बसलेल्या.

"पोरी, मले का समजत नाई?" त्या म्हणाल्या. "कोनी बोलावत नाई म्हाताऱ्या आयाले. पन समज, बोलावलंच. आन माह्यंच नाव म्याच माह्या हातानं कटवलेलं असलं, त? मंग मी कोनाच्या तोंडाकडे पायू?"

आता गुलाबभाईबद्दल सांगायला हवं. हा जत्रांमधून फुगे फोडायच्या बंदुकीचं दुकान लावायचा. मावशींचा नेम त्यानं कुठंतरी पाहिला आणि तेव्हापासून तो मागेच लागला. दर जत्रेआधी दारात.

"बाई, फक्त उभ्या राहा. काठीनं फुगे फोडा. अख्खी पब्लिक तुटून पडेल. मागाल ते देतो."

"मांगतच नाई त देशीन काय?" मावशी म्हणायच्या आणि त्याला चहा पाजून परत पाठवायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. चहा त्याला आवडत असावा.

त्या साली जिनिंग लवकर बंद झालं. पुन्हा दुष्काळ पडला होता, कापूसच आला नव्हता. ह्यांचा दोन महिन्यांचा पगार अडकला. दुपारी मी गहू निवडत बसले होते, तेव्हा तार आली. 'आई गंभीर. ताबडतोब ये.' वाशीमहून अकोला, अकोल्याहून मुंबई, मुंबईहून एसटीनं देवगड. दोन दिवसांचा रस्ता आणि घरात तिकिटापुरतंही काही नाही. ह्यांनी दोन-तीन घरी विचारलं. दुष्काळानं सगळ्यांचीच घरं धुतली होती. पुष्पाबाई सासूपुढे बोलू शकत नव्हत्या, तरी पिशवीभर दशम्या आणि चटणी देऊन गेल्या.

मावशींनी तार वाचायला लावली. दोनदा. मग म्हणाल्या, "कपडे भर. सकायच्या गाडीनं जाशीन."

"कशी, मावशी?"

"जाशीन म्हनलं न."

आणि तासाभरानं त्या घराला कुलूप लावून कुठंतरी गेल्या. सोबत काठी होती. मी म्हटलं, या वेळी कुठं खेळायला निघाल्या? खरं सांगते, मला रागच आला होता.

सकाळी पहिल्या एसटीनं त्या परत आल्या आणि माझ्या हातात नोटा कोंबल्या. डोळे सुजलेले, लुगड्यावर धूळ.

"कुठून आणल्या?"

"साठवल्या होत्या. जाय आता, गाडी सुटंल."

मी गेले. आईनं मला ओळखलं. नुसतं ओळखलं नाही, 'वाळलीस गो' म्हणाली, आणि माझ्या हातची पेज चमचाभर प्याली. अकरा दिवस मी तिच्या उशाशी होते. समुद्राचा आवाज येत होता आणि तिचा हात माझ्या हातात होता. त्या हातातून ती गेली. हे अकरा दिवस मावशींनी मला काय मोडून दिले, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

महिन्यानं परत आले. दुसऱ्या सकाळी सवयीनं पटांगणात गेले तर डबा उकरून काढलेला, खड्डा बुजवलेला. मी पुष्पाबाईंच्या दुकानात गेले.

"तुम्हाला माहीत नाही?" गुळाची ढेप फोडताफोडता त्यांनी हळूच सांगितलं. "इथं जवळ शिरपूरला जत्रा होती ना. तुमची तार आली त्या दुपारीच मावशी गेल्या. गुलाबभाईकडून आगाऊ पैसे घेतले, ते तुम्हाला देऊन पुन्हा तिकडे. दवाखान्यात रजा टाकून अख्खी जत्रा उभ्या होत्या. आमचे सासरे देवळाला गेले होते, त्यांनी पाहिलं. एकही फुगा चुकला नाही म्हणतात. लोक टाळ्या पिटत होते, आणि मावशी दर फुग्यानंतर खाली बघत होत्या."

मी तशीच मावशींकडे गेले. त्या ओसरीवर मटकी निवडत होत्या. काठी दाराआड, जुन्या छत्रीशेजारी उभी.

"मावशी, डबा का काढला?"

"मी आता पैशावाली. हौशीत बसत नाई." मटकीतला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "तू आन पुष्पा खेया. तिसरी पाय एखांदी."

मी शेजारी बसून सूप पुढ्यात ओढलं. त्यांनीच विचारलं, "माय भेटली?"

"भेटली. ओळखलं."

"मंग झालं."

आम्ही बराच वेळ मटकी निवडली. मग मी विचारलं, एकदा कटलेलं नाव परत लागतच नाही का?

"मेजरीणबाई म्हने, लागते," त्या मटकीकडे बघतच म्हणाल्या. "घेतलेलं सोडलं, आन लय वर्सं हात कोरा ठेवला, त घेतात म्हने परत. पन आता तेवढे वर्सं कोठी हाये माह्यापाशी."

मी उठले, सुपातली मटकी सांडवत उठले, आणि तुपाचा डबा शोधून काढला. तो मागच्या मोरीजवळ होता. घासला आणि माझ्या घरी नेला.

तेव्हापासून मी गल्लीतल्या बायकांचे परकर-पोलकी शिवते. माझी शिवण अजून जरा वाकडी जाते, पण लोक घेतात. जे मिळतं त्यातलं थोडं त्या डब्यात टाकते. मावशींना माहीत आहे. त्या म्हणतात, "येडी हायेस." म्हणोत.

डबा पुरता भरला, की मावशींना घेऊन मी शिरपूरच्या जत्रेला जाणार आहे. गुलाबभाईच्या दुकानासमोर, फुग्यांच्या फळीपुढे, सगळ्या पब्लिकसमोर, त्यांनी घेतलेली नोटन्‌नोट मी मावशींच्या हातानं त्याला परत द्यायला लावीन. तो घेणार नाही, चहाच मागेल. तरी द्यायची. तिथून मावशींचा हात कोरा. मग कितीही वर्षं लागोत, मी मोजत बसेन. आणि मग रिकामा झालेला हाच डबा पटांगणात पुन्हा पुरायचा.

मावशी, उशीर होतोय, मला ठाऊक आहे. तेवढा एक चढवा माझ्यावर.