सरोजिनीबाईंची श्रद्धांजली

"दोनशे चौदा बायका एका दुपारीत हलवते की नाही, बघाच तुम्ही!"

सरोजिनीबाईंनी असं जाहीर केलं तेव्हा नानांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. सदतीस वर्षांच्या संसारात ते एवढं शिकले होते, की बायको काहीही हलवायला निघाली की आपण आपली खुर्ची घट्ट धरून बसावं.

हलवायचा होता तो बाईंचा वाचनगट, 'गुलाबी पानं'. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांचा. दोन हजार आठ साली बाई इंदूरच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या, तेव्हा शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसून मधल्या सुट्टीत त्यांनी तो ऑर्कुटवर काढला. सभासद अकरा. सगळ्यांची नावं खोटी आणि फोटोच्या जागी गुलाबाचं फूल! कारण प्रेमकथा तेव्हा वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायची वस्तू होती. पण लिहायच्या काय एकेक! महूची मंगला एका नायकाच्या नुसत्या भुवयांवर सतरा ओळी लिहायची. तिला उत्तर यायला आठवडा लागायचा, आणि ती आठवडाभर सुखाने वाट बघायची.

मग ऑर्कुट बंद पडलं. बिऱ्हाड फेसबुकवर गेलं. तिथे 'नायिकेला थोबाडीत मारणाऱ्याला नायक म्हणावं का?' यावर असं रण पेटलं, की तीस जणी रुसून गेल्या त्या गेल्याच. पुढे व्हॉट्सॅप आलं. पुस्तकं कमी आणि सुप्रभाताची फुलं जास्त. आणि आता आल्या होत्या नव्या मुली. खरं नाव, स्वतःचा फोटो, आणि पुस्तकाला गुण म्हणून चक्क मिरच्या! गोष्ट जितकी तिखट, तितक्या मिरच्या! त्यांना आता नवं ॲप हवं होतं. तिथे म्हणे रडक्या कथांची खोली वेगळी आणि तिखट कथांची वेगळी.

या मुलींची पुढारी शलाका. इंदूरच्याच परदेशीपुरा मोहल्ल्यातली, सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. ती गटावर स्वतःची कादंबरीही लिहीत होती, रोज एक भाग. नायक दौलतराव, वय अडुसष्ट. नायिका रमा, पासष्ट.

"साठीनंतरचं प्रेम आजकल एकदम हिट आहे, काकू," ती म्हणायची.

काल संध्याकाळच्या भागात तिने दौलतरावांना मारून टाकलं. रमाच्या हातात हात असताना. बाई पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या आणि गटावर काय? सव्वीस तुटलेली हृदयं आणि नऊ मिरच्या! शब्द एक नाही!

बाईंनी सकाळी शलाकाला फोन लावला. "अगं, माणूस गेला! कोणी चार ओळी लिहील की नाही?"

"काकू, इतकं लांब कोण वाचतंय आता? तीन ओळी झाल्या की अंगठा पुढे सरकतो. तुमच्या पोस्टी तर मी सुद्धा... म्हणजे, वाचते हो, पण बाद में."

बाद में! हा शब्द बाईंना लिंबाच्या बीसारखा दाताखाली आला. सतरा वर्षं गट सांभाळला तो 'बाद में'साठी? ठीक आहे. नव्या घरी जायच्या आधी जुन्या घरात शेवटचं असं काही लिहायचं, की वाचून मोबाईल ओले झाले पाहिजेत!

बाई बसल्या आणि दीड तास लिहीत होत्या. 'दौलतराव गेले. लिहितानाही हात थरथरतो. वरून फणस, आतून गरे! आयुष्यभर एकटेपणाची ढाल मिरवली, पण शेवटच्या क्षणी लोकलाज झुगारून त्यांनी रमाचा हात धरला. आपल्याला कोणाची तरी गरज आहे, हे कबूल करायला या हट्टी माणसाला मरण यावं लागलं...' असं बरंच. मजकूर पाठवला, फोन चार्जिंगला लावला, आणि बाई समाधानाने डोक्यावरून आंघोळीला गेल्या.

केस पुसत बाहेर येतात तो नाना पांढरा सदरा घालून उभे! डोळे लाल.

"चल लवकर. दौलतराव गेले!"

बाईंना भरून आलं. सतरा वर्षांत नवऱ्याने गटातलं एक अक्षर वाचलं नव्हतं! "तुम्ही वाचलंत? मी तर काल संध्याकाळपासून रडतेय हो!"

"काल संध्याकाळपासून? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला कधी त्यात रस होता?"

"रस? अगं, चार घरं सोडून राहणारा माणूस!"

"मला तर रमाची काळजी वाटते. तिचं आता कसं व्हायचं?"

"तेच विचारतोय!" नानांनी आवाज खाली आणला. "ही रमा कोण? सगळी गल्ली विचारतेय!"

बाईंच्या हातातला टॉवेल गळाला. त्यांनी झडप घालून फोन उचलला. श्रद्धांजली गेली होती, पण 'गुलाबी पानं'वर नाही. यादीत त्याच्या खालोखाल असलेल्या गल्लीच्या स्वच्छता समितीवर! आणि त्या समितीचे अध्यक्ष होते दौलतराव शितोळे. वय बहात्तर, मिशा भरदार, एकटे राहणारे, आणि ओल्या कचऱ्यात प्लास्टिकचा तुकडा दिसला तर तो धुवून ज्याचा त्याला परत देणारे.

बाई ओल्या केसांनीच धावल्या.

शितोळ्यांच्या फाटकापाशी वीस माणसं जमली होती. दाराला कुलूप. नमकीनच्या दुकानाचे रघुवीर भिया, म्हणजे गल्लीचे भैया, हातात हार घेऊन कारभार बघत होते.

"बाई, काय लिहिलंत तुम्ही! मी दुकानात बसून रोया! डेडबॉडी कुठल्या अस्पतालात आहे, तेवढं सांगा. पुण्याला नचिकेतला फोन केला मी. पोरगा बोललाच नाही काही. रडतच राहिला."

 शितोळ्यांच्या या एकुलत्या मुलाने दोन वर्षांपूर्वी 'बाबा, पुण्याला चला' असा आग्रह धरला होता. म्हातारा भडकला, 'आता माझ्या मरणालाच ये!' म्हणाला. तेव्हापासून बापलेकांचा एक शब्द नव्हता.

"रघुवीर भिया, ते गेले नाहीत हो! ते दुसरे दौलतराव! कादंबरीतले!"

"सदमा लागलाय," कोणीतरी हळूच म्हणालं. शेजारच्या सुनीताने बाईंना खुर्ची आणून दिली.

तेवढ्यात स्कूटर फटफटत आली. स्कूटरवर भाजीची पिशवी, आणि पिशवीमागे साक्षात दौलतराव! गर्दी दोन पावलं मागे सरली. रघुवीर भियांच्या हातातला हार खाली पडला.

"कोणाचा आहे हा?" दौलतराव गरजले. "हारातला दोरा वेगळा काढायचा, किती वेळा सांगू?"

कोणी उत्तर द्यायच्या आत त्यांच्या खिशातला फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो कानाला लावला, आणि गल्ली अशी चिडीचूप झाली की पिशवीतली मेथी सुद्धा सळसळायची थांबली.

"बाबा?" पलीकडचा आवाज गल्लीभर ऐकू आला.

"बोलतोय."

"तुम्ही... गेलात ना?"

"गेलो होतो. राजवाड्याच्या बाजारात. आलो परत." मग दौलतरावांना पलीकडचं रडणं ऐकू आलं. ते पाठ फिरवून फाटकाला धरून उभे राहिले. "अरे, रडतोस काय वेड्या? आहे मी... विमानतळावर? आता? ...नाही, नको कशाला म्हणू? ये. मेथी आणलीये."

बाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. दौलतरावांनी चष्मा लावून आपली श्रद्धांजली वाचली. तीन ओळींवर थांबले नाहीत. शेवटपर्यंत वाचली, मग वर जाऊन पुन्हा वाचली. मग कुलूप काढून आत गेले.

संध्याकाळी बाईंनी भीतभीत ही सगळी हकिकत गटावर टाकली, चांगली चाळीस ओळींची. बाई वाट बघत बसल्या, आता मिरच्या येतील म्हणून. पहिलं उत्तर मंगलाचं आलं, बावीस ओळींचं. मग गटातल्या जुन्या इंदुमतीचं, मग नव्या मुलींची एकेक. शलाकाने लिहिलं, 'काकू, पूरा वाचलं. दोनदा. नव्या ॲपवर एक खोली लांब लिहिणाऱ्यांची. चावी तुमच्याकडे.'

चौथ्या दिवशी दारात दौलतराव! बाई स्वयंपाकघरात दडणार होत्या, पण नानांनी हाक मारलीच.

"सरोजिनीताई," दौलतराव घसा खाकरत म्हणाले, "नचिकेतला आत्ताच स्टेशनवर सोडून आलो. चारच दिवस सुट्टी मिळाली त्याला."

"माझी चूक झाली हो, भाऊसाहेब. पुन्हा नाही होणार."

"तसं नाही." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि इकडे तिकडे बघत आवाज खाली आणला. "पुन्हा मारायचंच झालं, तर जरा दिवाळीच्या आसपास बघा. तेव्हा त्याला आठ मिळतात."