बार्शीटाकळीच्या हवेतला वकील

रविकांत वकिलाला अकोल्यातले घरभाडे झेपत नव्हते, म्हणून तो बार्शीटाकळीला राहत असे. वकीलमंडळींना मात्र तो हवेचे कारण सांगे. तिथल्या हवेची आणि ताज्या भाजीची त्याने इतकी तारीफ केली, की एकेकाने भाजी आणायला त्याच्या हाती थैलीच दिली. नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. रोजच्या मोटारीत तो आता टोपलीवाल्या बायांच्या बरोबरीने ओझी घेऊन बसू लागला.

त्या दिवशी त्याचा आयुष्यातला पहिला दावा होता, शेषरावांच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा. मेथी उन्हाने सुकू नये म्हणून त्याने थैल्यांवर आपला काळा कोट पांघरला आणि तिथेच फसला. मालावरची जकात घेणाऱ्या अकोल्याच्या चुंगी नाक्यावर मोटार थांबली.

"ओ भाजीवाले, खाली उतरा. माल दाखवा," नाक्यावरचा शिपाई म्हणाला.

"मी वकील आहे!"

"मंग कोट कुठी हाय?"

रविकांतने कोट उचलला. खाली वांगीच वांगी, आणि कोटाला मेथीचा ओला पाला. शेजारच्या पार्बताबाई माळणीला त्याची दया आली.

"सोडा ना त्याले! माहा भाचा हाय तो. नवीनच टोपली उचलली त्यानं."

शिपायाने सोडले. वकीलसाहेबांनी या नव्या मावशीचे आभार मानले आणि ते वळले, तर समोर नाक्यावर त्यांचीच वाट पाहत त्यांचा अशील उभा! शेषरावांनी सगळे ऐकले होते.

"काहून हो, तुमी भाजी इकता का वकिली करता? मी दुसरा वकील पाहतो."

"कोर्टापर्यंत तरी चला," रविकांत रडकुंडीला आला. शेषरावांनी एक थैली उचलली आणि ते पुढे चालू लागले.

आवारात पाऊल पडते न पडते तोच मोठमोठे वकील धावत आले. "रविकांत, मला विसरला नाहीस ना?" "आधी माझं बघ!" विरुद्ध बाजूच्या खुशालराव वकिलांनी तर हातच जोडले. "तुमच्यामुळे आज घरी तोंड दाखवता येईल!"

थैल्या वाटून होतात तोच पुकारा झाला. भाजी घरी पोचवायच्या घाईत खुशालरावांनी पुढची तारीख मागून घेतली. रविकांतला तोंड उघडावेच लागले नाही.

बाहेर येताच शेषरावांनी त्याचे हात धरले. "माफ करा साहेब, मी वळखलंच नाही तुमाले. सामनेवाला वकील हात जोडते अन् तारीख घेऊन पयते!"

रविकांत खुलासा करणार होता. पण पहिलाच अशील होता तो.

"पुढच्या तारखेले वांगे माह्या वावरातले आणतो, तुमी फक्त वाटजा," शेषराव म्हणाले. "कायद्याचं पुस्तक घरी राह्यलं तरी चालन."

रविकांतने गंभीरपणे मान डोलावली.