रिकामी जागा

प्रकाशन संध्याकाळी होतं आणि पुस्तक अजून छापखान्यात होतं. अनंतराव फोनवर ओरडत होते आणि पलीकडून छापखान्याचा मालक अजिनाथही तितक्याच जोरात ओरडत होता.

"सर, रोज एक पान बदलताव तुम्ही. परवा नायिकेची साडी निळी केली, काल पुन्हा जांभळी. मी छापू कवा? कव्हर तेवढं तयार हाय, कारण त्याच्यावर साडी नव्हती!"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर अनंतराव दर रविवारी समर्थनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये कादंबरी कशी लिहावी याचा वर्ग घेत. त्यांची स्वतःची एकही कादंबरी अजून आलेली नव्हती, पण त्यामुळे शिकवण्यात कुठं अडत नव्हतं. त्यांचे नियम ठरलेले होते. विशेषणं कापा. शेवटच्या क्षणापर्यंत सुधारत राहा. आणि कुठलंही पुस्तक पारखायचं तर मधलं पान उघडा, मधलं पान खोटं बोलत नाही. यांतला दुसरा नियम त्यांना आज नडला होता. 'निथळता काळोख' या कादंबरीवर त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. एका तरी माणसानं ती वाचून डोळे पुसावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. आता डोळे पुसायची पाळी त्यांच्यावरच आली होती.

मार्ग काढला त्यांच्या पत्नीनं. प्रमोदिनीबाई सोसायटीच्या सचिव होत्या. सोसायटीच्या नियमावलीच्या प्रती सभासदांनी घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे सगळा गठ्ठा यांच्याच माळ्यावर पडून होता.

"जाडी तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "वरून तुमचं कव्हर चढवू, चकचकीत कागदात बांधू. पाहुणे फीत सोडतात, पुस्तक छातीशी धरतात, फोटो काढतात आणि चहाला जातात. उघडतं कोण?"

"अगं, पण ही फसवणूक..."

"मग पुढं ढकला. निमंत्रणं तुम्हीच वाटलीत."

अनंतरावांनी छापखान्यातून कव्हरं आणून चढवली.

प्रमुख पाहुणे होते पाचोडचे निवृत्त मुख्याध्यापक आप्पासाहेब. पुस्तक न वाचता त्यावर तासभर बोलण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, म्हणून तर त्यांना बोलावलं होतं. फीत सुटली, पुस्तकं छातीशी गेली, फोटो झाले. सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मनोगतासाठी माईक हाती आला आणि अनंतरावांमधला मास्तर जागा झाला. रविवारच्या वर्गातलं ठेवणीतलं वाक्य त्यांच्या तोंडून सुटलं.

"आजकाल प्रमुख पाहुणे पुस्तक उघडूनसुद्धा पाहत नाहीत, आणि मधलं पान तर खोटं बोलत नाही!"

आप्पासाहेबांचे कान लाल झाले. ते तडक उठले.

"कोण म्हणतो उघडत नाय? तुमच्याच नियमानं मधलं पान काढतो, घ्या!"

पहिल्या रांगेत प्रमोदिनीबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला. आप्पासाहेब खड्या आवाजात वाचू लागले.

"सभासद मयत झाल्यास त्याच्या वारसाने मुदतीत अर्ज करावा. मुदतीत कोणीही न आल्यास समितीने फलकावर सूचना लावावी. त्यानंतरही कोणी न आल्यास... सदर जागा रिकामी आहे असे समजावे."

अनंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"वाहवा!" आप्पासाहेबांचा आवाज घोगरा झाला होता. "माणूस गेला. फळ्यावर चिठ्ठी लागली. कुणी आलं नाय. उरलं काय? रिकामी जागा! लई भारी लिव्हलंय हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्गातली हुशार विद्यार्थिनी करुणा डोळे पुसत म्हणाली, "सर, एकही विशेषण नाही!" मग लोकांनी आणखी एक उतारा मागितला आणि आप्पासाहेबांनी गच्चीवर कुरडया वाळत घालण्यास मनाई असल्याचा उतारा वाचला. स्त्रीच्या वाळून गेलेल्या इच्छांबद्दल मराठीत इतकं थेट कोणी लिहिलं नव्हतं, असं मागच्या रांगेत ठरलं. लेखकाची सही आणून देते असं सांगत प्रमोदिनीबाईंनी व्यासपीठावरच्या सगळ्या प्रती आधी पिशवीत भरल्या.

खरी कादंबरी पुढच्या आठवड्यात आली आणि तक्रारी सुरू झाल्या. करुणानं विचारलं, "सर, रिकामी जागा कुठंय?" अजिनाथ तर घरीच आला.

"लोकं म्हणत्यात, मी सोळा पानांचा आख्खा फॉर्मा गाळला. धंद्याला बट्टा लागला माझ्या. त्या कुरडयांचं पान कुठंय ते सांगा, फुकट छापून देतो!"

काळोखाबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. अनंतरावांना फार वाईट वाटलं. त्यांना दोन घासही जाईनात.

"घाला की मग ते उतारे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "अर्ध्या प्रतींची बांधणी व्हायचीच आहे."

"चोरी होईल ती!"

"चोरी कशी? समितीत रीतसर ठराव करून परवानगी देते."

ठराव झाला. अनंतरावांनी काळजावर दगड ठेवून काळोखाचं एक प्रकरण कापलं आणि तिथं मयत सभासद आणि कुरडया बसवल्या. लोक खूश झाले, अजिनाथची अब्रू वाचली. एक प्रत पाचोडला गेली, आणि पंधरवड्यानं आप्पासाहेबांचा फोन आला.

"सर, तुमचं ते बोलणं लई लागलं होतं मला. म्हणून या टायमाला खरंच वाचली. पहिल्या पानापासून."

अनंतराव खुर्चीत ताठ बसले.

"काळोख काय उतरलाय हो! आमच्या मंडळीला, वच्छलाबाईला, वाचून दाखवला, तर भाकरी तव्यावर करपली तरी उठंना. डोळे पुसत बसली."

अनंतरावांनी खिशातून रुमाल काढला.

"फक्त मधीच ते मयत सभासदाचं अन् कुरडयांचं काय घुसडलं? त्या दिवशी भाषणाच्या भरात कळलं नाय, पर कोरडं ठक्क हाय. सोसायटीच्या नियमावानी वाटतं. ते तेवढं कापा बघा."

फोन ठेवून अनंतरावांनी पत्नीला सगळं सांगितलं आणि ते म्हणाले, "आत्ताच अजिनाथला कळवतो. कापूनच टाकू."

"असं परस्पर कसं कापाल?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "ठरावानं घातलंय. आता वार्षिक सभेत विषय मांडावा लागेल."