आरोपीबाईंचे प्रश्न

"कबूल करून टाक आणि मोकळी हो," चष्मेवाले बायकोला म्हणाले. "किरकोळ दंड होईल. उगाच कोर्टाचे हेलपाटे कशाला?"

"जे केलं नाही ते कबूल कशाला करू?" शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

झालं होतं ते असं. बाईंच्या बाल्कनीतली गुलाबाची कुंडी सुटली, ती थेट खाली दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या पायावर. अंगठा मोडला. डॉक्टरांनी कळवळत वर पाहिलं, तेव्हा कठड्यावरून बाईंचं डोकं डोकावत होतं. आवाज ऐकून त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या, पण हे कोण ऐकून घेणार? निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा खटला उभा राहिला.

पहिल्या तारखेला बाईंनी गुन्हा ठाम नाकारला. न्यायाधीशांनी त्यांना हक्क समजावून सांगितले. वकील घेता येतो, परवडत नसेल तर कोर्ट देतं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात.

"कुठल्याही साक्षीदाराला?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याविरुद्ध जो साक्ष देईल त्याला."

"आणि त्याला खरं सांगावं लागतं?"

"शपथेवर."

"मग वकील नको. मीच विचारते."

पुढच्या तारखेला डॉक्टर कुबडी टेकत आले. बाईंनी आरोपीच्या पिंजऱ्यातूनच विचारलं, "कुंडी पडताना मला पाहिलंत?"

"नंतर पाहिलं."

"आणि पडताना?"

"तेव्हा मी दवाखान्याला कुलूप लावत होतो," डॉक्टरांनी कबूल केलं.

सरकारी वकील मात्र निर्धास्त होते. त्यांचा मुद्दा सरळ होता. घरात माणसं दोनच, त्यातला एक झोपलेला, मग उरलं कोण? झोपलेल्या माणसालाच त्यांनी साक्षीला बोलावलं. चष्मेवाल्यांनी बायकोकडे न बघता शपथ घेतली आणि सांगून टाकलं, "मी आतल्या खोलीत पलंगावर झोपलो होतो."

बाईंच्या भुवया जवळ आल्या. "त्या दिवशी पलंगावर मी बेतलेलं कापड पसरलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "टाचण्या लावून. तुम्ही त्याच्यावर झोपलात?"

"बाजूला."

"कुठल्या बाजूला? पलंगभर होतं ते."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, घरीसुद्धा ही असंच विचारते."

"इथे उत्तर द्यावं लागेल," न्यायाधीश म्हणाले.

"बाल्कनीत होतो."

"काय करत होतात?"

"कबुतरांना दाणे घालत होतो."

"मी नको म्हटलं होतं ना? वाळत घातलेले कपडे कोण धुतं परत?"

"बाई, कुंडीबद्दल विचारा," न्यायाधीशांनी आठवण करून दिली.

"दाणे टाकायला जागा कशी केलीत?"

न्यायाधीशांनी हात वर केला. "थांबा. या उत्तरानं तुम्ही स्वतः अडकू शकता. तसं असेल तर उत्तर देऊ नका, सक्ती नाही."

चष्मेवाल्यांच्या जिवात जीव आला. सुटकेचा रस्ता कायद्यानेच दाखवला होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग समोर पिंजऱ्यात, दांड्याला घट्ट धरून उभी असलेली बायको त्यांना दिसली. सकाळपासून ती तशीच उभी होती.

"कुंडी मीच कडेला सरकवली," ते म्हणाले. "हिला काहीच माहीत नव्हतं."

बाई निर्दोष सुटल्या. चष्मेवाल्यांवर नवा खटला दाखल झाला.

घरी परतल्यावर बाईंनी जिना चढून दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "तुम्हाला मात्र वकील घ्यायचाच. तुम्हाला दोन प्रश्न झेपत नाहीत. आणि कोर्टात अजिबात तोंड उघडायचं नाही, कळलं? तो तुमचा हक्क आहे. तुम्ही आता आरोपी आहात."

चष्मेवाले खुर्चीत टेकले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. "घरीसुद्धा?" त्यांनी आशेनं विचारलं.

बाईंनी दाराला कडी घातली, खुर्ची ओढली आणि समोर येऊन बसल्या.

"घरी तुम्ही साक्षीदार आहात," त्या म्हणाल्या. "कबुतरं कधीपासून?"